बेरजेत न आलेले हत्ती

देशातल्या रानहत्तींचा ताजा अंदाज १४ ऑक्टोबर २०२५ रोजी डेहराडूनला जाहीर झाला. आकडा आहे २२,४४६. हत्ती नजरेनं मोजायची जुनी रीत या वेळी बाजूला ठेवली होती. माणसं जंगलं पालथी घालून शेणाचे २१,०५६ नमुने घेऊन आली. त्यांतल्या डीएनएवरून ४,०६५ वेगवेगळे हत्ती ओळखता आले आणि एकच हत्ती पुन्हा किती वेळा सापडतो यावरून एकूण संख्येचं गणित मांडलं गेलं. २०१७च्या मोजणीत हा आकडा २७ हजारांच्या वर होता. पण पद्धतच बदलल्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून 'हत्ती घटले' असा निष्कर्ष काढता येत नाही. हा नवा आकडा पुढच्या मोजण्यांसाठी पाया म्हणून धरायचा आहे.

महाराष्ट्राच्या नावापुढे ६३ आहे. कोष्टक जरा निरखून पाहिलं की एक गंमत दिसते. पश्चिम घाटाचा एकूण आकडा ११,९३४. कर्नाटकाचे ६,०१३, तामिळनाडूचे ३,१३६ आणि केरळचे २,७८५ हत्ती मिळवले की बेरीज बरोबर ११,९३४च येते. महाराष्ट्राचे ६३ हत्ती मध्य भारत आणि पूर्व घाट या दुसऱ्या खात्यात आहेत, म्हणजे गडचिरोलीकडचे. जाहीर आकड्यांपुरतं बोलायचं तर सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या तिलारी, चंदगड, आजरा या पट्ट्यातल्या हत्तींना पश्चिम घाटाच्या बेरजेत जागा नाही. संख्याशास्त्रानं पाहिलं तर यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मूळ अंदाजच १८,२५५ ते २६,६४५ एवढा पसरलेला असताना सह्याद्रीच्या टोकावरच्या मूठभर हत्तींनी काय फरक पडणार? दोडामार्ग तालुक्यातल्या मोर्ले गावात मात्र फरक पडतो. एप्रिल २०२५मध्ये तिथला एक वयस्क शेतकरी सकाळी बागेत गेला आणि हत्तीच्या हल्ल्यात मरण पावला.

महाराष्ट्राचं आणि हत्तीचं नातं गेल्या चोवीस-पंचवीस वर्षांत असंच बेरजेबाहेर राहिलं आहे. हत्ती आहे, त्याची पिल्लं इथे जन्मली आहेत, त्याच्या हातून माणसं मेली आहेत; तरी राज्याच्या मनात तो अजून 'कर्नाटकातून आलेला', 'छत्तीसगडमधून आलेला', आज ना उद्या परत जाणारा. देशात ३३ हत्ती राखीव क्षेत्रं आहेत, महाराष्ट्रात एकही नाही. माझ्या मते आपली बरीचशी फजिती या एका समजुतीतून झाली आहे.

मी राहतो त्या मीरा-भाईंदरच्या काशीगावातून हा प्रश्न लांबचा वाटतो. समोर महामार्ग, मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर; इथली चिंता बिबट्याची. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशोदेशीच्या हत्तींची प्रतवारी आहे. कलिंग, अंग, प्राच्य, चेदी-करूष इथले हत्ती उत्तम, सौराष्ट्राचे कनिष्ठ, आणि मधल्या वर्गात दशार्णाबरोबर नाव येतं ते अपरान्ताचं. अपरान्त म्हणजे उत्तर कोकण. त्याची राजधानी शूर्पारक, आजचं सोपारा, इथून वसईची खाडी ओलांडली की आलंच. म्हणजे काशीगाव-घोडबंदरचा हा डोंगरपट्टा ज्या अपरान्तात येतो, तो कधीकाळी राजांच्या हत्तीखात्याच्या यादीत होता. पुढे शतकांच्या ओघात इथला हत्ती संपला, उरला तो दगडातला. घारापुरीचा जो पाषाणहत्ती पाहून पोर्तुगिजांनी बेटाला नाव दिलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. कोकणात हत्ती 'नव्यानं' आला असं म्हणताना एवढं लक्षात असलेलं बरं.

नव्यानं आला तो २००२च्या ऑक्टोबरात. कर्नाटकातल्या दांडेली-खानापूरकडच्या जंगलातून एक लहान कळप घाट उतरून दोडामार्ग तालुक्यात मांगेलीच्या बाजूला आला. का आला, याची कारणं अनेक सांगितली जातात: काळी नदीवरची धरणं, खाणी, हल्याळ-खानापूर पट्ट्यात वाढत गेलेला ऊस, त्या वर्षीचा अपुरा पाऊस. एकच कारण धरून बसण्यात अर्थ नाही. हत्ती एका रात्रीत निर्णय घेत नाही, आणि कळपाचा निर्णय कुणीही उठून घेत नाही.

कळप असतो माद्यांचा. आजी, तिच्या लेकी, नाती आणि लहान पिल्लं. पुढे चालते ती सगळ्यांत वडीलधारी हत्तीण. पाणी कुठे आहे, कुठलं फळ कधी पिकतं, कुठल्या वाटेला धोका आहे, हे सगळं तिच्या आठवणीत असतं. ही आठवण किती मोलाची, याचा दाखला टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात मिळाला. १९९३च्या दुष्काळात ज्या कळपांच्या पुढे म्हाताऱ्या हत्तिणी होत्या ते उद्यान सोडून बाहेर पडले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. ज्यांच्या पुढे तरुण हत्तिणी होत्या ते जागेवर थांबले आणि त्यांनी जास्त पिल्लं गमावली. पूर्वीचा मोठा दुष्काळ पाहिलेली हत्तीण कळपात असणं-नसणं यावर पिल्लांचं जगणं ठरलं. हे वाचल्यावर मांगेलीत उतरलेल्या कळपाला 'भरकटलेला' म्हणवत नाही. जंगल आटल्यावर ते सोडून चालू लागणं हेच हत्तीचं शहाणपण आहे.

चालणं भाग पाडतं ते पोट. मोठा हत्ती दिवसातले सोळा-अठरा तास चरतो, दीडशे किलोच्या आसपास पाला-गवत-साल खातो, आणि त्यातलं निम्म्याहून कमी अंगी लावतो. बाकीचं शेणातून बाहेर पडतं, त्यातल्या बियांसकट. ज्या झाडाखाली फळ खाल्लं तिथून कित्येक किलोमीटरवर ती बी रुजते. जंगलाची फेरलागवड अशी फुकटात होत असते. पण एवढं खाणारा प्राणी एका जागी राहिला तर तीच जागा उजाड होईल, म्हणून त्याला शेकडो चौरस किलोमीटरचा फिरता संसार लागतो. दातांची गोष्टही विलक्षण आहे. दाढांचे सहा संच आयुष्यात एकामागून एक येतात आणि झिजतात. शेवटचा संच झिजला की म्हाताऱ्या हत्तीला चावता येत नाही आणि तो उपासमारीनं जातो. गर्भ वीस-बावीस महिन्यांचा, दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जातीत एक वयात आलेली हत्तीण मेली तर ती जागा भरून यायला दशकं जातात. एकमेकांशी ते बोलतात त्यातलं बरंचसं आपल्याला ऐकूही येत नाही, कारण तो आवाज माणसाच्या कानाच्या मर्यादेखालचा असतो. १९८४मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन या संशोधिकेला हत्तींच्या पिंजऱ्याजवळ हवेत एक थरथर जाणवली. तिनं ध्वनिमुद्रण करून ते वेगानं वाजवलं, तेव्हा हे संभाषण उघड झालं.

नराची कथा वेगळी. दहा-पंधरा वर्षांचा झाला की तो कळपाबाहेर पडतो. कधी स्वतःहून, कधी माद्यांनी ढकलल्यामुळे. मग एकट्यानं किंवा दुसऱ्या नरांच्या सोबतीनं हिंडतो. रामन सुकुमार यांनी दक्षिण भारतात १९८०च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा दिसलं की पिकांवर येण्यात नर माद्यांच्या खूप पुढे असतात. गणित सरळ आहे. जंगलात रात्रभर चरून जे मिळत नाही ते उसाच्या किंवा केळीच्या शेतात तासाभरात मिळतं, आणि ज्या नराचं अंग भरलेलं त्याला मादी मिळण्याची शक्यता जास्त. लेकुरवाळी हत्तीण हा धोका पत्करत नाही, नर पत्करतो. अलीकडे कर्नाटक-तामिळनाडू सीमेवरच्या अभ्यासात असंही दिसलं की जिथे शेती जास्त, जंगल तुटक, तिथे वयात येणारे नर टोळी करून राहू लागले आहेत.

तिलारीच्या कळपातला 'ओंकार' हा असाच वयात येणारा नर. सप्टेंबर २०२५मध्ये तो कळपापासून सुटून गोव्यात पेडणे तालुक्यात शिरला, तिथल्या भातशेतीत फिरला, आणि पुन्हा सिंधुदुर्गात सावंतवाडी तालुक्यात आला. नदीत डुंबणाऱ्या या हत्तीवर माणसं सुतळी बॉम्ब फेकताहेत, अशी चित्रफीत नोव्हेंबरात सगळीकडे फिरली. त्याला पकडावं की नाही, पकडलं तर कुठे न्यावं, हा वाद उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपर्यंत गेला. त्या वयाच्या नरानं जे करायचं तेच तो करत होता. फरक एवढाच की त्याच्या वाटेत जंगलाऐवजी वाड्या, बागा आणि महामार्ग होते.

आता बागेबद्दल. शहरात बसून हत्तीवर प्रेम करणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) माडाचं अर्थशास्त्र एकदा समजून घ्यायला हवं. भात किंवा केळी गेली तर एक हंगाम जातो. माड लावल्यापासून धरायला सहा-आठ वर्षं लागतात आणि त्यापुढे तो दोन पिढ्या उत्पन्न देतो. हत्ती कपाळ लावून माड आडवा करतो, शेंड्याचा कोवळा गाभा तेवढा खातो आणि पुढच्या माडाकडे वळतो. काजू, पोफळी, सुपारीच्या राशी, पाण्याचे पाइप, शेतातलं घर, काहीच सुटत नाही. सरकारी भरपाई झाडामागे एकरकमी मिळते. गेलेली वीस वर्षं त्यात मावत नाहीत. घाटावर आजरा-चंदगडला ऊस, भात आणि नाचणी. तिथे 'चाळोबा गणेश' हे नाव मिळालेला एक टस्कर वर्षानुवर्षं वावरतो आहे. नाव देवाचं, आणि मळणीच्या दिवसांत तोच येऊ नये म्हणून रात्रभर शेकोट्या. लोकांच्या मनात भक्ती आणि चीड अशा एकत्र नांदतात, आणि मला त्या दोन्ही खऱ्या वाटतात.

सरकारनं काय केलं? सुरुवातीला हाकललं. बाहेरच्या राज्यांतून जाणकार आणून, फटाके, मशाली, ढोल घेऊन 'हत्ती हटाव' मोहिमा झाल्या. हत्ती सीमेपलीकडे गेले आणि परत आले. सीमा त्यांनी आखलेली नव्हती. चर खणले. कोकणचा पाऊस आणि उताराची माती यांनी ते बुजवले. मिरचीचा धूर, सौर कुंपण, सगळं थोडंथोडं करून पाहिलं. मग फेब्रुवारी २०१५मध्ये कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात मोठी 'हत्ती पकड मोहीम' झाली. कर्नाटकातून शिकवलेले कुमकी हत्ती आणि माहुत आले, तीन रानहत्ती भूल देऊन पकडले गेले आणि त्यांना आंबेरीच्या छावणीत क्रॉलमध्ये, म्हणजे लाकडी कोंडवाड्यात, ठेवलं. त्या तिघांपैकी दोघे छावणीतच दगावले. माणगाव खोऱ्याला थोडी उसंत मिळाली हे खरं. पण दहा वर्षांनी मोर्ल्यात माणूस मेला तेव्हा गावाची मागणी पुन्हा तीच होती: पकडा आणि न्या. त्या मागणीला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. दारात प्रेत असताना कुणी पर्यावरणशास्त्र ऐकत नाही.

तरी पकडून नेण्याचा हिशेब एकदा मांडायला हवा, आणि तो मांडायला काशीगावइतकी चांगली जागा नाही. २००४च्या सुमारास बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांनी एकामागून एक माणसं मारली. त्या काळात धडाक्यानं पिंजरे लावले जात होते आणि पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलांत सोडले जात होते. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उलटंच चित्र दिसलं: बिबटे पकडून इतरत्र सोडल्यानंतर, सोडल्या जागांच्या आसपास हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला, माणसानं हाताळलेला प्राणी जास्त धोक्याचा ठरतो आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो. २०११पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमातून वनखातं आणि नागरिकांनी भर दिला तो कचरा, भटकी कुत्री, रात्रीचे दिवे, लहान मुलांना एकटं न सोडणं यांवर. बिबटे गेले नाहीत. डिसेंबर २०२५मध्ये भाईंदर पूर्वेला एका निवासी इमारतीत बिबट्या शिरून माणसं जखमी झालीच. पण आज इथला सामान्य माणूसही 'सगळे पकडून न्या' एवढ्यावर थांबत नाही, कुठून आला, का आला हे विचारतो. हे वळण यायला दहा-पंधरा वर्षं लागली.

हत्तीच्या बाबतीत हाच धडा केरळनं २०२३मध्ये महागात घेतला. इडुक्कीच्या चिन्नकनालमध्ये 'अरिकोंबन', म्हणजे तांदळाचा शौकीन टस्कर, एप्रिलअखेर पकडून पेरियारच्या जंगलात सोडला. महिन्याभरात तो डोंगर उतरून तामिळनाडूतल्या कंबम शहरात हिंडताना दिसला. जूनमध्ये तामिळनाडूनं त्याला पुन्हा पकडून दक्षिणेला दूर नेऊन सोडलं. श्रीलंकेत पृथ्वीराज फर्नांडो आणि सहकाऱ्यांनी हलवलेल्या नरांच्या गळ्यात पट्टे बांधून पाठलाग केला होता, त्यातही काही हत्ती घरच्या वाटेला लागले, काही भटकत राहिले, आणि जाईल तिथे झगडा त्यांच्यासोबत गेला. हत्ती हलवल्यानं बातमी हलते. प्रश्न फार तर तालुका बदलतो.

आता राज्याच्या पूर्व टोकाकडे. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडमार्गे आलेला कळप वीस-बावीसांचा होता, मूळचा ओडिशाकडचा. धानोऱ्यापासून कुरखेडा, कोरची, आरमोरी, देसाईगंज आणि पुढे गोंदियाच्या अर्जुनी मोरगावपर्यंत तो फिरला. तिथली हानी कोकणासारखी नाही. शेतात रचलेले धानाचे पुंजणे, आणि घरात साठवलेली मोहफुलं. मोहाचा वास हत्तीला लांबून येतो आणि मातीची भिंत त्याला अडवत नाही. तिथे माणसं मेली. हत्तींच्या मागावर राहायला पश्चिम बंगालमधून अनुभवी माणसांची तुकडी बोलावली गेली, जिला सगळे हुल्ला पार्टी म्हणतात. जमेची बाजू अशी की या जिल्ह्यात सलग जंगल भरपूर उरलं आहे. महाराष्ट्रात हत्ती टिकणार असेल तर त्याची खरी शक्यता इथेच. शिवाय अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. लाकूड ओढण्यासाठी आणलेल्या हत्तींच्या पिढ्या तिथे वाढल्या. हे हत्ती गुजरातला हलवण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा २०२२मध्ये स्थानिक लोक विरोधात उभे राहिले.

लोक हत्तीसाठी उभे राहतात, हे तर आपण २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये साऱ्या देशाला दाखवलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात १९९२पासून असलेली हत्तीण महादेवी, ऊर्फ माधुरी, हिला उच्च न्यायालयाच्या आदेशानं आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केल्यावर जामनगरच्या वनतारा या खासगी प्राणिकेंद्राशी संलग्न केंद्रात नेलं गेलं. रात्री निरोपाला जमलेली गर्दी, रडणारी माणसं, पदयात्रा, वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाच्या मोबाइल कंपनीवर बहिष्कार. राज्य सरकारलाही न्यायालयाची पायरी चढण्याची भाषा करावी लागली. तिच्या पायांची अवस्था, एकटेपण आणि २०१७मध्ये तिच्याकडून झालेला मठाधिपतींचा मृत्यू हेही त्या खटल्यात होतं. गर्दीला ते ऐकायचं नव्हतं. त्याआधी जोतिबाच्या डोंगरावरच्या 'सुंदर' हत्तीचं असंच प्रकरण होऊन त्याला २०१४मध्ये बंगळुरूजवळ बन्नेरघट्टाला हलवलं होतं.

मला यात खटकतं ते वेगळंच. शिरोळ आणि आजरा एकाच जिल्ह्यात आहेत. साखळीतली हत्तीण परत यावी म्हणून एका तालुक्यात हजारो माणसं रस्त्यावर, आणि मोकळा हत्ती कुणीतरी घेऊन जावा म्हणून दुसऱ्या तालुक्यात निवेदनं. दोन्हीकडची माणसं आपल्या जागी प्रामाणिक आहेत. पण नांदणीच्या भावनेतला दहावा हिस्सा आणि त्यामागची राजकीय ताकद जर आजऱ्याच्या शेतकऱ्याच्या पंचनाम्यासाठी लागली असती, तर रानहत्तीचं केवढं भलं झालं असतं! हत्तीवरचं आपलं प्रेम मांडवातल्या, मिरवणुकीतल्या हत्तीपुरतं आहे की काय, अशी शंका येते.

कायदा कमी नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हत्ती आहे. 'प्रोजेक्ट एलिफंट' १९९२पासून आहे. महेश रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यदलानं 'गज' नावाचा अहवाल २०१०मध्ये दिला, त्याच वर्षी हत्ती राष्ट्रीय वारसा प्राणी ठरला. २०२३मध्ये देशातले १५० हत्तीमार्ग नोंदले गेले, आणि त्याच अहवालात विदर्भ व दक्षिण महाराष्ट्रात हत्तीचा वावर वाढत असल्याचं म्हटलं आहे. जगातल्या आशियाई हत्तींपैकी ६० टक्क्यांहून अधिक भारतात आहेत. दर वर्षी देशात पाचशेच्या आसपास माणसं हत्तींमुळे मरतात आणि शंभराच्या आसपास हत्ती माणसांमुळे. हत्तींच्या अपमृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण आहे वीज: लोंबणाऱ्या तारा आणि कुंपणात सोडलेला चोरटा प्रवाह. नोव्हेंबर २०२५मध्ये कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातच दोन हत्ती असे मेले. तिलारीचा कळप ज्या वाटेनं आला, त्याच वाटेवरचा हा तालुका.

मग करायचं काय? मला सगळ्यांत पटतो तो वालपराईचा प्रयोग. तामिळनाडूत अन्नामलाईच्या पठारावर चहा-कॉफीचे मळे, मधे जंगलाचे तुकडे आणि त्यांतून ये-जा करणारे हत्ती. आनंद कुमार आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या सहकाऱ्यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक बळी संध्याकाळी-रात्री रस्त्यानं चालताना गेलेले दिसले. पुढे हत्ती आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. म्हणून त्यांनी हत्ती हटवण्याचा नाद सोडून हत्तीची खबर पोचवण्याची सोय केली. दिवसभर हत्ती कुठे आहेत यावर नजर, संध्याकाळी स्थानिक केबलवर पट्टी, मळ्यातल्या लोकांच्या फोनवर संदेश, आणि मोक्याच्या जागी मोबाइलवरून पेटवता येणारे लाल दिवे. दिवा लागला की हत्ती जवळ आहे, पायी निघू नका. मृत्यू लक्षणीय घटले. खर्च फारसा नाही. लागते ती चिकाटी, कारण ही व्यवस्था रोज संध्याकाळी चालावी लागते. मोहिमेसारखा तिचा समारोप होत नाही आणि म्हणून उद्घाटनाला पाहुणेही मिळत नाहीत.

दोडामार्गात हे करणं वालपराईपेक्षा अवघड नाही. हत्ती मोजके आहेत, ते वनरक्षकांना आणि गावकऱ्यांना चेहऱ्यानं ओळखीचे आहेत. खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते आणि पावसाळ्यात वीज जाते, या अडचणी खऱ्या. पण त्या हत्तीच्या नाहीत. मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण, जे केनियात यशस्वी ठरलं आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं २०२१मध्ये कोडगूत करून पाहिलं, ते काही बागांपुरतं उपयोगी पडेल. सगळ्या तालुक्याचं उत्तर म्हणून कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवावं.

त्याहून मोठा प्रश्न जमिनीचा. २०१३मध्ये उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, मार्च २०२४मध्ये तिथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याच्या दिशेनं आदेश दिले. तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र २०२०मध्ये झालं. पण हत्तीच्या फिरत्या संसाराच्या मानानं हा एक कोपरा आहे, आणि आजूबाजूचे डोंगर रबर आणि अननसासाठी साफ होत गेले आहेत. रबराचा मळा लावणाऱ्याला कुणी दंड लावत नाही. त्या मळ्यामुळे खाली आलेल्या हत्तीची किंमत मात्र वाडीतल्या दहा गुंठेवाल्याच्या माडांनी मोजायची. संरक्षणाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे कोणत्याही अहवालात ठळक अक्षरात नसतं. वन्यप्राण्यामुळे मृत्यू झाल्यास राज्यात आता २५ लाख रुपये मिळतात. ती रक्कम योग्यच आहे. झगडा होतो तो रोजच्या नुकसानीच्या पैशांवरून, आणि तिथे कोकणची स्वतःची एक गाठ आहे.

ती गाठ म्हणजे सामायिक सातबारा. आजोबा-पणजोबांच्या नावची जमीन, हिस्सेदार पंधरा-वीस, कसणारा एक. हत्ती बागेत शिरतो, पंचनामा होतो, आणि मग बाकीच्या हिस्सेदारांची संमतीपत्रं मागितली जातात. ते हिस्सेदार असतात परळला, विरारला, भाईंदरला, इथे काशीगावात. कुणाचा पत्ता बदललेला, कुणाशी वीस वर्षं बोलणं नाही, कुणी वारलेला आणि वारसनोंद नाही. अर्ज कपाटात राहतो, कसणारा पुढच्या वेळी पंचनाम्याला बोलावतच नाही, आणि रात्री कुंपणात वीज सोडण्याचा विचार त्याच्या डोक्यात येतो तो इथून. भरपाईपुरता प्रत्यक्ष कसणाऱ्याचा हक्क एका साध्या शासन निर्णयानं मान्य करता येईल. तोवर दुसरी वाट आहे. गणपतीत हे सगळे हिस्सेदार एकाच वाडीत, बऱ्याचदा एकाच छपराखाली असतात. त्या आठवड्यात तलाठी कागद घेऊन वाडीत बसला तर कित्येक घरांची संमतीपत्रं एका दुपारी होऊन जातील.